उलटा तीळ

काचेत माझा तीळ नेमका तिच्या तिळावर जाऊन बसला. मी थोडी बाजूला झाले तसा तोही सरकला, तिच्या कानाकडं गेला; पुन्हा समोर आले, पुन्हा जागच्या जागी. जळगावात पारसमलजींच्या घरी, बैठकीच्या भिंतीवर, दोरीवर पुढं कललेला त्यांच्या आईचा फोटो होता. घरातले सगळे त्याला फोटोच म्हणत, पण ते तैलरंगातलं चित्र होतं, पंजाएवढ्या चेहऱ्याचं, आणि ते सोळा वर्षांपूर्वी मीच काढलं होतं, तेवीस वर्षांची असताना. तेव्हा कागदात गुंडाळून पोचतं केलं आणि धुळ्याला परत गेले, त्यानंतर ते आज पाहत होते. डोक्यावरून ओढणी, कपाळावर मारवाडी बायकांचा बोर हा दागिना, चौकटीला चंदनाचा हार. ओढणीच्या आत मात्र मी होते. तेव्हाची नव्हे, आजची, चाळिशीला टेकलेली, डोळ्यांखाली सुरकुतलेली, वरचा ओठ जरा घट्ट मिटलेली, सकाळी वेणी घालताना आरशात पाहून निघालेली तीच मी. काचेवरचं माझं प्रतिबिंब आणि काचेमागची ती बाई एकमेकींवर अशा बसल्या की कुठली भुवई कुणाची ते मला सांगता येईना. शेजारी उभा असलेला चुडामण म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. काचेवर धूळ आहे."

चुडामणनंच मला इथं ओढून आणलं होतं. तो असोद्याचा, केळीवाल्यांच्या घरातला. मुंबईला चित्रकला शिकायला आम्ही एकाच वर्षी गेलो. वडील गेले म्हणून मी दोन वर्षांत परत आले आणि धुळ्यातल्या एका मुलींच्या शाळेत ड्रॉइंगच्या बाई झाले. तो तिथंच राहिला, दाढी वाढवली, आणि आता त्याचं नाव पेपरात येतं. त्यांचं एक टोळकं आहे, स्वतःला प्रतिचित्रवाले म्हणवून घेतात. पहिलं चित्र कुणीच काढत नाही, जगातलं प्रत्येक चित्र दुसरंच असतं, असा त्यांचा पंथ. त्यामुळं ते नवीन काही काढतच नाहीत. कॅलेंडरवरची लक्ष्मी घेतात, जशीच्या तशी भिंतीएवढी उतरवतात आणि तिचे डोळे तेवढे मिटून टाकतात. तेलाच्या डब्यावरचा मोर, काडेपेटीवरचा वाघ, विलायती पुस्तकात छापलेलं एखादं जुनं चित्र. जे आहे तेच पुन्हा काढायचं, एखादी जागा बदलायची आणि खाली आपली सही ठोकायची. पेपरवाल्यांनी आधी कॉपीबहाद्दर म्हणून टर उडवली, मग तेच त्यांच्यावर लांबलचक लेख लिहायला लागले. मला हसू यायचं. माझ्या वर्गात कुणी असं केलं तर मी कान धरते. शिवाय आमच्याकडं दुकानांच्या पाट्या रंगवणारे जन्मभर हेच करत आलेत, फक्त त्यांना कुणी पंथ म्हटलं नाही. पण चुडामण गल्ली नंबर सहामधल्या माझ्या खोलीत येऊन बसला, म्हणाला, "सुनंदा, दिवाळीनंतर आमचं प्रदर्शन आहे. तुझी एक जागा ठेवलीय. तू जळगावला त्या मारवाड्याची आई काढली होतीस ना, पूर्वी? मी पाहिली ती. ती पुन्हा काढ. स्वतःच्याच चित्राची नक्कल. असं अजून आमच्यात कुणी केलेलं नाही," तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. सोळा वर्षांत मी फळ्यावर घडा काढला होता, जास्वंद काढली होती, परीक्षेसाठी दांडीसकट छत्री काढली होती. स्वतःचं एकही चित्र काढलं नव्हतं. मला त्या मुंबईच्या भिंतीवर माझं नाव हवं होतं. इतकं हवं होतं की त्या दिवशी मी त्याच्या चहात साखर घालायची विसरले, आणि त्यानं तो तसाच पिऊन टाकला.

पारसमलजी आले. सहासष्ट वर्षांचे असतील, अंगानं किरकोळ, बंद गळ्याचा कोट, कोटावर कापसाचे बारीक तंतू. जिनिंगवरून आलेला माणूस जळगावात असाच ओळखू येतो. त्यांनी आधी भिंतीला हात जोडले, मग आम्हाला. चुडामणनं त्यांना आपला पंथ समजावून सांगितला, बराच वेळ. ते मान डोलवत राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तुम्ही आलात हे फार बरं झालं. मी तुम्हाला निरोप धाडणारच होतो. आमच्या भुवाजी, म्हणजे माझ्या आत्या, या आखाजीच्या सणाला गेल्या ना, जाताना एक बोलून गेल्या. म्हणाल्या, पारस, तिल उलटा है. तुझ्या आईचा तीळ या गालावर नव्हता, त्या गालावर होता." ते उठून चित्राजवळ गेले, बोट काचेला न लावता तिळापाशी धरलं. "सोळा वर्षं मी रोज सकाळी या तिळाला हात जोडतोय. आणि तो चुकीच्या जागी. तेव्हापासून काय झालंय बाई, हात जोडतो पण मन लागत नाही. तुम्ही असं करा. नवा फोटो काढा, अगदी हाच, फक्त तीळ उजव्या गालावर घ्या. तो मी घरात लावतो. हा जुना खुशाल मुंबईला न्या." चुडामणच्या डोळ्यांत चमक आली. तीळ बदललेली प्रत घरात आणि मूळ चित्र प्रदर्शनात, हे तर त्याच्या पंथाच्या बापालाही सुचलं नसतं. तो मला कोपरानं ढोसत होता. मी पारसमलजींच्या बोटाकडं बघत होते, आणि माझा हात नकळत माझ्या उजव्या गालावर गेला होता. तिथं माझा तीळ आहे, मसुरीएवढा. शाळेत मुली मला तीळवाल्या बाई म्हणतात, आणि धुळ्यातले रिक्षावालेसुद्धा.

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. एरंडोल मागं गेलं, पारोळा मागं गेलं, शेतं कापसानं पांढरी दिसत होती आणि ऊन तिरपं होत चाललं होतं. चुडामण माझ्याबरोबर धुळ्यापर्यंत येत होता, तिथून रात्रीच्या गाडीनं मुंबई. मी त्याला विचारलं, "ते चित्र पाहून तुला काही ओळखीचं वाटलं?" त्यानं डोळे बारीक करून विचार केला. "वाटलं ना. सगळ्या मारवाडी घरांतले फोटो असेच असतात. तोच तर मुद्दा आहे." चुडामणनं मला बघितलं आहे असं मला एके काळी वाटत असे. वर्गात आम्ही एकमेकांचे चेहरे काढायचो, तेव्हा तो माझ्या चेहऱ्याकडं तास तास टक लावून बसायचा, आणि मी न हलता बसायची, मान अवघडेपर्यंत. आता कळत होतं, तो छाया बघत होता, उजेड बघत होता, जबड्याचा कोन बघत होता. याचा मला फार राग आला, आणि रागाबरोबर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. खरं सांगितलं असतं तर तो गाडीतच उभा राहून नाचला असता. चित्राशेजारी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं असतं, की एका चित्रकर्तीनं मेलेल्या बाईला स्वतःचा चेहरा दिला आणि कुटुंब सोळा वर्षं त्याची पूजा करत राहिलं. त्याच्यासाठी ती गंमत. आणि पारसमलजींना या जगात आई म्हणून तेवढा एकच चेहरा माहीत होता. तो पुठ्ठा वाचला जाईल त्या दिवशी ते पोरके होणार, सहासष्टाव्या वर्षी, दुसऱ्यांदा. म्हणून मी बोलले नाही. धूळ उडत होती, पुढच्या बाकावर कुणीतरी शेंगा सोलत होतं, आणि मला झोप नाही पण झोपेसारखं काहीतरी येत होतं.

तो चेहरा माझ्या हातून झाला कसा? मी पुन्हा पुन्हा त्या दिवसात जाऊन पाहत राहिले. पारसमलजींची आई, लाडकुंवर, बाळंतपणात गेली, ते जन्मले त्याच आठवड्यात. असेल एकोणीस वर्षांची. फोटो काढलेला नव्हता. वडिलांनी तिला कधी दिवसाउजेडी उघड्या तोंडानं पाहिलं नव्हतं म्हणे. पाहिलं होतं ते फक्त नणंदेनं, म्हणजे भुवाजींनी, आणि त्याही तेव्हा नऊ वर्षांच्या पोर. राजकुंवर भुवाजी माझ्यासमोर पाटावर बसल्या होत्या, पान चघळत, मी मांडीवर कागद घेऊन. "नाक कसं होतं भुवाजी?" "नाक? नाक जैसा नाक." "आणि डोळे?" "डोळे मोठे. नाही, मोठे नाही. हसते हुए थे." मग एकदम म्हणाल्या की वय मात्र चाळीसचं घ्या. मी चमकले. म्हटलं, एकोणिसाव्या वर्षी गेल्या ना त्या? तेव्हा भुवाजींनी मला समजावलं, लहान मुलीला समजावतात तसं. पारस पन्नाशीचा झाला. रोज सकाळी तो नमस्कार करणार. मुलापेक्षा लहान आई भिंतीवर कशी लावायची? बरं दिसतं का ते? मला त्यात काही वावगं वाटलं नाही, मीही त्याच हवेत वाढलेली. म्हणजे मला काढायचा होता तो जगात कधीच नसलेला चेहरा, एका एकोणीस वर्षांच्या मुलीचं चाळिशीतलं तोंड. मग त्यांनी तिळाचं सांगितलं. माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "तिल था. तुम्हारे जैसा. दायें गाल पे." मला मराठी बाईला कळावं म्हणून त्या हिंदीत बोलल्या, तिथंच घोळ झाला. त्यांनी आपल्या मारवाडीत जीमणो म्हटलं असतं तर मला चटकन कळलं असतं, आमच्याकडंही उजव्या हाताला जेवणा हातच म्हणतात. पण हिंदीतलं उजव्याचं दायें ऐकलं आणि माझ्या कानात डावा उमटला. वर त्या म्हणाल्या, तुझ्यासारखा. आणि माझा तीळ मी आरशाशिवाय कुठं पाहिला होता? आरशात तो समोर उजव्या हाताला असतो. समोर बसलेल्या बाईचा तो डावा गाल. सगळं जुळलं. कागदावर मी डाव्या गालावर फुली मारली.

मग धुळ्यातली खोली. तिथं खिळ्याला एक आरसा होता, कडेनं पारा गेलेला. पापणीची घडी नेमकी कुठं पडते ते मला आठवेना म्हणून मी आरशात पाहिलं, एकदाच. दुसऱ्या दिवशी नाकपुडीसाठी पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यापाशी सावली पडते की नाही ते बघायला पाहिलं. त्यात काही लबाडी नव्हती, सगळे चित्रकार असं करतात. कुणाचा तरी हात हवा तर आपला हात समोर धरतात. असे तुकडे तुकडे जमा झाले. त्यावर मी वय चढवलं, तेवीस वर्षांच्या मुलीला चाळिशी जशी वाटते तसं; डोळ्यांखाली दोन रेघा, गालाला किंचित उतार, ओठ मिटलेला, बरंच काही न बोललेली बाई ओठ मिटते तसा. आज मला नवल याचं वाटत होतं की मी इतकं बरोबर कसं ओळखलं होतं. की मी ओळखलं नव्हतंच, मी फक्त काढलं होतं, आणि मग सोळा वर्षं हळूहळू, फळ्यावर घडे काढत, कुणाला नाही म्हणत, कुणी विचारलंच नाही म्हणून तेही न म्हणत, मीच त्या चित्रासारखी होत गेले होते? चुडामणच्या टोळीतल्या कुणी एवढी पूर्ण नक्कल केली नसेल. हे मनात आलं तेव्हा गाडी धुळ्याच्या वेशीवर होती. मला भीती वाटली, आणि त्या भीतीत थोडी मजाही होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी पारसमलजींकडं राहायला गेले. माडीवर उत्तरेच्या उजेडाची एक खोली मला दिली होती. चित्र भिंतीवरून उतरवलं, काच काढली, तेव्हा घरातल्या बायका दारात उभ्या राहून पाहत होत्या आणि धाकटी सून, कुसुमलता, पदर डोळ्यांना लावत होती, कुणी खरंच घरातून चाललं असावं तशी. बैठकीच्या भिंतीवर फिकट चौकोन राहिला. पारसमलजी सकाळी त्या चौकोनालाच हात जोडत. मी जिन्यावरून एकदा पाहिलं आणि पटकन वर निघून गेले. जिनिंगचा हंगाम चालू होता. दुपारच्या उन्हात हवेत कापूस तरंगायचा, अगदी बारीक, दिसेल न दिसेल असा, खिडकीतून आत यायचा आणि ओल्या रंगावर बसायचा. मी मोराच्या पिसाच्या टोकानं एकेक तंतू उचलायची. एक उचलला की दुसरा. लांबून यंत्राचा आवाज, खाली अंगणात पापड वाळवणाऱ्या बायकांचं बोलणं, तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास. दिवस कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते कळेनासं झालं. सोळा वर्षांनी हातात कुंचला होता, आणि हात विसरला नव्हता. मी इतकी सुखात होते की मला त्याची लाज वाटे.

दोन्ही चित्रांवर चौकटी पाडून मी घर मोजत उतरवायला लागले, मुलींना शिकवते तसंच. या घरात डोळ्याचा कोपरा, त्या घरात नाकाचा शेंडा. नक्कल करणं सोपं असतं, कारण चेहरा दिसत नाही, घरं दिसतात. तीळ शेवटी ठेवायचा असं मनाशी ठरवलं होतं. पण तोंड भरत आलं आणि नुसत्या खडूनं उजव्या गालावर खूण करून पाहिली तर सगळं तिरकं झालं. डाव्या भुवईचा थोडा वर गेलेला भाग त्या तिळाला धरून होता. ओठाचा तो कोपराही. तीळ पलीकडं नेला की चेहऱ्याचा तोल जायचा, गाडीत एकाच बाजूला माणसं बसावीत तसा. तीळ उलटा नव्हता. अख्खी बाईच उलटी होती. मी चिंधीनं सगळं पुसून काढलं आणि घरं दुसऱ्या टोकाकडून मोजायला लागले. ओढणी आणि बोर जिथल्या तिथं, चेहरा मात्र उलटवलेला. डावं ते उजवं, उजवं ते डावं. हे करू नये असं मला स्पष्ट कळत होतं. आरशातला चेहरा फक्त माझ्या ओळखीचा होता. त्यात मला जगात दुसरं कुणी ओळखत नव्हतं, म्हणून तो सोळा वर्षं सुखानं भिंतीवर राहू शकला. हा असा सरळ केलेला चेहरा म्हणजे लोकांना दिसते ती मी. मसुरीएवढ्या तिळासकट. धुळ्यातला कुणीही ओळखेल. पारसमलजी तर रोज दुपारी वर येऊन दारातून विचारत, "बाई, काही हवं का?" आणि माझ्या तोंडाकडंच बघून विचारत. हे चित्र त्यांच्यासमोर ठेवायचं म्हणजे त्यांची आई त्यांच्या डोळ्यांदेखत काढून घ्यायची. आणि न ठेवावं तर जुनं चित्र मला मिळणार नव्हतं, मुंबईची भिंत मिळणार नव्हती, आणि मी पुन्हा छत्री काढायला जाणार होते. हे कळत होतं तरी हात थांबेना. चित्र चांगलं होत होतं. इतकं चांगलं मी कधीच काढलं नव्हतं. गंमत म्हणजे मला स्वतःला ती बाई अनोळखी वाटायची. जरा जास्त ताठ, जरा जास्त एकटी, आणि माझ्या कल्पनेपेक्षा बरीच देखणी.

तीळ घातला त्या सकाळी भिकुबाई खोली पुसायला आली. ती सोनगीरची, या घरात म्हातारी झालेली. फडकं बादलीत तसंच ठेवून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. एकदा चित्राकडं, एकदा माझ्याकडं.

"बाई," ती म्हणाली, "हाऊ ते तुमनाच फोटो शे!"

"नाही गं भिकुबाई. शेठजींच्या आई आहेत त्या."

"मन्हा डोया फुटनात का?" ती हसायला लागली. "तुमना तीळ शे, तुमनं नाक शे. बठ्ठं तुमनंच शे. वढणी तेवढी मोठी मायनी."

मी तिला म्हटलं, हळू बोल. ती हळू बोलली नाही, पण जास्तही बोलली नाही. फरशी पुसून निघून गेली. मी दार लावून घेतलं. चाकू हातात होता, रंग खरवडायचा. ओला तीळ खरवडून काढायला कितीसा वेळ लागतो? बोटानं पुसला तरी गेला असता. भुवई खाली आणायची, ओठ सैल करायचा, नाकाला थोडं बाक द्यायचं, आणि कुणाचीही एक आई तयार करायची, सगळ्या घरांत असतात तशी. मी चाकू त्या गालाशी नेला. आणि मला रडू फुटलं, कारण ती माझ्याकडं बघत होती. कुणी मला इतकं नीट पाहिलं नव्हतं. वर्गात टक लावून बसलेल्या चुडामणनं नाही, मला पाहायला आलेल्या त्या दोन-तीन घरांनी नाही, शाळेनं नाही. मीसुद्धा नाही, मी तर नेहमी उलट्या बाजूनंच पाहत आले होते. म्हातारा पोरका होतो तर होऊ दे, असं एक क्षण माझ्या मनात आलं, अगदी ठाम. दुसऱ्या क्षणी त्या फिकट चौकोनासमोर हात जोडून उभी असलेली त्यांची पाठ दिसली. हातात चाकू घेऊन मी तशीच बसले, किती वेळ ते माहीत नाही. मग दारावर टकटक झाली. "बाई, झालं का? येऊ का?"

मी चाकू बाजूला ठेवला. नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "या."

पारसमलजी आत आले. चपला बाहेर काढून आले, देवघरात यावं तसे. चित्र घोडीवर होतं, जुनं त्याच्या शेजारी भिंतीला टेकवलेलं, आणि मी मधे स्टुलावर, दोन हातांच्या अंतरावर, पदराला रंग, डोळे लाल, तोंड उजेडाकडं. लपायला जागाच नव्हती. ते नव्या चित्रासमोर उभे राहिले. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. खाली कुणीतरी पाणी ओतत होतं तो आवाज येत होता. ते वाकले, तीळ पाहिला, मान हलवली. सरळ झाले. जुन्या चित्राकडं पाहिलं. पुन्हा नव्याकडं. त्यांचा चेहरा पडत गेला, आणि मी मनात म्हटलं, संपलं.

"तीळ आता बरोबर बसला, बाई," ते म्हणाले. "भुवाजी म्हणाल्या तिथंच. काम फार सुंदर झालंय." "पण रागावू नका हं. ही आई नाही." त्यांनी वाकून जुनं चित्र दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरलं. "मला हीच राहू द्या. तीळ उलटा तर उलटा. भुवाजींची मी वर गेल्यावर माफी मागेन. ही नवी तुम्ही मुंबईला न्या." दारापर्यंत गेले आणि थांबले. वळून पुन्हा नव्या चित्राकडं बघत राहिले, एखाद्या लग्नात समोरून ओळखीची बाई जावी आणि नाव आठवू नये तसे. "पण बाई, ही आहे कोण?"

मी उभी राहिले, चित्राच्या शेजारी, अगदी लागून, आणि त्यांना नीट दिसावं म्हणून तोंड त्यांच्याकडं केलं.

"मी," मी म्हटलं. "ही मी आहे शेठजी."

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडं पाहिलं, मग चित्राकडं, मग पुन्हा माझ्याकडं, अगदी सावकाश. आणि ते हसले, लहान मुलाची चूक काढताना हसावं तसं मायेनं.

"नाही हो बाई," ते म्हणाले, "तुम्ही कुठं अशा? तुम्ही तर अगदी माझ्या आईसारख्या दिसता."